कधीच न निघालेली लिफ्ट

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. पन्नाशीला टेकलेली, बोलणं मोजकं, आणि कुठल्याही गोष्टीवर पटकन विश्वास न ठेवण्याची खोड. लिफ्ट चालवणारे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीत ती प्रूफ असिस्टंट नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करायची. हा असिस्टंट म्हणजे महाखाष्ट परीक्षक. आधी त्याला लिफ्टची व्याख्या सांगायची, मग ‘दार उघडं असताना लिफ्ट हलणार नाही’ असलं विधान पायरीपायरीने सिद्ध करायचं. पटलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल ओळ.

एका इस्पितळाच्या लिफ्टचं काम शेजारच्या टेबलावरच्या चष्मिशकडे होतं. तिशीतला, डोक्याने तल्लख. कित्येक महिने रखडलेल्या सिद्धता त्याने एका झटक्यात हातावेगळ्या केल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

आत्याला मात्र चैन पडेना. जेवण झाल्यावर तिने त्याची फाइल उघडली आणि असिस्टंटकडे लिफ्टच्या फेरीचं एक उदाहरण मागितलं. तळमजल्यावर नुसती उभी असलेली लिफ्टही उदाहरण म्हणून पुरली असती. ते काही केल्या बनेना.

तिने वर जाऊन व्याख्या वाचली. तिथे एकच नियम होता: आधीच्या फेरीला एक हालचाल जोडली की नवी फेरी होते. पण पहिली फेरी कुठून यायची? ते लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे एकही फेरी होऊ शकत नव्हती, आणि जे मुळात नाहीच त्याच्याबद्दल वाटेल ते सिद्ध होतं.

“सुरुवातीचा नियम कुठे गेला रे?” तिने विचारलं.

“तो एरर देत होता,” चष्मिश म्हणाला. “काढला, आणि सगळं हिरवं झालं.”

“होणारच. आता तुझी लिफ्ट उडते, असंही सिद्ध होईल.”

त्याने व्याख्या पुन्हा वाचली. मग त्याचा चेहरा पडला. “आत्या, साहेबांना सांगू नका. उद्या इस्पितळाची माणसं येतायत.”

“मी नाही सांगणार. तू सांग. मी सोबत येते.”

साहेबांनी चष्मिशचं ऐकून घेतलं आणि आत्यालाच म्हणाले, “तुम्ही हात लावेपर्यंत सगळं ठीक होतं हो!”

मूळ एरर क्षुल्लक निघाली. सुरुवातीच्या, उभ्या लिफ्टच्या नियमात मजला दिला होता, पण दार उघडं की बंद, ते द्यायचं राहिलं होतं. दोघांनी ते घालून नियम परत आणला, आता फेऱ्या खरंच होऊ लागल्या, आणि सगळ्या सिद्धता लालेलाल झाल्या. बाकीच्या हळूहळू जुळल्या. एक मात्र जुळेना, कारण खोट प्रोग्राममध्येच होती: दार मिटता मिटता कुणी ते अडवलं, तर लिफ्ट उघड्या दाराने वर निघू शकत होती.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो पोहायला शिकवायचा.

“मग खूश आहेस की वैतागलीस?” त्याने विचारलं.

“भूक लागलीय,” ती म्हणाली.

प्रोग्राम सुधारून लिफ्ट उशिराने सुरू झाली. चष्मिश आत्याशी कामापुरतंच बोलू लागला आणि पुढे दुसऱ्या विभागात निघून गेला. तिला वाईट वाटलं, कारण माणूस खरंच हुशार होता. पण ते तिने कुणापाशी बोलून दाखवलं नाही.