जाफराबादच्या जीपमध्ये मिळालेला प्रसंग

मालिकेत मी मोठी जाऊ होते, धाकटीचा जीव नकोसा करणारी. बाजारात बायका मला बघून तोंड फिरवायच्या आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. सेटवर मात्र माझी ख्याती वेगळीच होती. कॉलेजात असल्यापासून कथा लिहीत होते, त्यामुळे न पटणारं वाक्य माझ्या तोंडून निघतच नसे. मी ते बदलून म्हणायचे. शेवटी मालिकेचे लेखक वैतागले. "एवढ्या चुका काढता, तर पुढचा भाग तुम्हीच लिहा. मोठी जाऊ धाकटीची माफी मागते. सोमवारपर्यंत पाहिजे."

मी तर उडालेच! मधे सुट्टी होती, म्हणून जाफराबादला माहेरी निघाले. पण जालना येईपर्यंत रेल्वेत जे लिहिलं ते सगळं रडकं झालं. हात जोडणं, पाया पडणं. मीच खोडून टाकलं.

स्टेशनाबाहेरून जीप मिळाली. राजूर मागं पडलं तशी शेजारची बाई मला निरखून बघायला लागली.

"त्या मोठ्या जाऊबाई तुम्हीच ना? काऊन हो त्या पोरीला इतका तरास देऊन राह्यल्या?"

अख्खी जीप माझ्याकडं वळली. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून पाहिलं. मी हसून विचारलं, "मंग आता मोठीनं माफी मागावी का, मावशी?"

"माफी?" बाईंनी हात झटकला. "घरात अशी माफी कोण मागतंय? माझ्या जावंशी माझं बोलणंच बंद होतं. लई दिवस. मंग तिच्या पोराला ताप आल्ता, ती दवाखान्यात गेल्ती. म्या माझ्या घरचं पीठ घेऊन तिच्या घरात शिरले, भाकरी करून ठेवल्या अन् गुपचूप निघून आले."

"मग?"

"मंग काय! सांजच्याला दारात येऊन म्हणते, 'पीठ लई जाडं दळून आणता हो तुमी.' झालं! तवापासून बोलतोय."

जीपमधल्या बायका खळखळून हसल्या. मी मात्र सावरून बसले. हाच तो प्रसंग! "मावशी, हे मी मालिकेत घेऊ का?" मी विचारलं. "घ्या की," त्या म्हणाल्या, "पण भाकरी नीट थापा. तुमच्या टीव्हीतल्या बायकांना थापता येत न्हाईत."

घरी पोचताच मी ओसरीवर बसले. आई दोनदा जेवायला बोलावून गेली, पण हात थांबेना. पूर्ण झाल्यावरच उठले आणि फोनवरून भाग पाठवून दिला. लेखकांचा लगेच फोन आला.

"अहो, यात माफीचा शब्दच नाही!"

"नाहीच. एकदा पूर्ण वाचा ना."

ते वाचेपर्यंत मी अंगणात येरझारा घालत होते. परत फोन वाजला. "बिलकुल बदलू नका," एवढंच म्हणाले.

शूटिंगला भाकरी मीच थापल्या, अगदी नीट. धाकटी झालेल्या मुलीनं पिठाचं वाक्य म्हटलं आणि तिला खरंच हसू फुटलं. दिग्दर्शकांनी ते तसंच ठेवलं.

भाग लागला त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला. "अगं, तुझं नाव दोनदा आलं! एकदा कलाकारांत, अन् एकदा संवाद म्हणून!"

मागून आई ओरडत होती, "तिला विचारा, आता वेगळ्या तर न्हाई ना होणार त्या दोघी जावा?"

लेखकांनी पुढचे भागही सोबत लिहायला सांगितलं होतं, त्यामुळे तो निर्णय आता माझ्याही हातात होता. मी म्हणाले, "न्हाई होऊ देत, आई."