गिटारवरच्या गाण्याचा अर्थ

नातवाने गिटारची तार छेडली, की जळगावच्या जिनिंगच्या आवारातली ती संध्याकाळ आठवते. हवेत सरकीचा वास होता, आणि शिरपूरकडे दवाखाना चालवणारी जर्मन बाई गिटारवर आपल्या मुलखातली गाणी म्हणत होती. जिनिंगच्या मालकांच्या, शेटजींच्या आग्रहाखातर माझे वकील वडील प्रत्येक गाण्याचा अर्थ सांगत होते. खरं तर त्यांना जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एका संथ गाण्यावर ते म्हणाले, ‘नवरी रुसलीय!’ सगळे खो-खो हसले, मीही हसलो. बाईने तारांवर हात ठेवला. ‘आबा,’ ती वडिलांना हळूच अहिराणीत म्हणाली, ‘हाई मनी पोरनी अंगाई शे. ती आते नही.’ तिची पोर आता या जगात नव्हती. वडिलांची मान खाली गेली, ती घरी पोचेपर्यंत वर आली नाही. आता नातू एखाद्या गाण्याचा अर्थ विचारतो, तेव्हा मी ‘माहीत नाही’ म्हणतो, आणि तेवढं म्हणतानाही माझी कानशिलं तापतात.