आधी कुत्र्याला घातलेली भाजी

पेडगावच्या पुढच्या एका वस्तीवरची ती घटना आठवली की आजही मन खट्टू होतं. नावं मुद्दाम सांगत नाही.

विषबाधा झालेला म्हातारा दाखल आहे, अशी खबर सरकारी दवाखान्यातून आमच्या पोलीस ठाण्याला आली. पाठोपाठ त्याचा मुलगा आला. त्याचा संशय स्वतःच्या बायकोवर होता. सोमवारी तो परभणीला गेला होता. म्हाताऱ्यानं बांधावरची भूछत्रं आणली, सुनेनं भाजी केली आणि जेवला तो एकटाच.

"तू का नाही खाल्लीस?" महिला शिपायासमोर मी सुनेला विचारलं.

"मला सोमवार व्हता, साहेब. मामंजींनीच भाजी आधी कुत्र्याला घातली. घंटाभर बघितलं. ते खेळायलंय म्हणल्यावर जेवले."

नवरा उसळला. "मी बी तेच म्हणायलोय. कुत्रं अजून धडधाकट हाय. म्हणजे भाजी चांगली व्हती. हिनं मागून ताटात कालवलं."

"काय कालवलं?"

"ते हिलाच इचारा. दोघांचं लय वाजायचं."

पंचनाम्याला गेलो तेव्हा कुत्रं खरंच शेपूट हलवत उभं होतं. वस्तीनं तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. आम्ही फवारणीच्या औषधाचे डबे जप्त केले. म्हातारा जरा सावरला तेव्हा जबाबात म्हणाला, "पोरीनं काय केलं न्हाई." मुलगा म्हणाला, "बापाला काय ठावं?"

मग म्हातारा अचानक खालावला आणि गेला. त्याच दिवशी कुत्रंही गोठ्याजवळ मरून पडलं. मी त्याचं शवविच्छेदन करून घेतलं.

कुत्र्याचं यकृत पार नासलेलं निघालं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "लागवडीची अळिंबी, म्हणजे बाजारातली मशरूम, साधी शिजवून थोडी दिली तर कुत्र्याला सहसा काही होत नाही. रानातली कधीच घालू नये. काही जातींचं विष तासाभरात दिसत नाही. उलट्या होऊन जनावर बरं झाल्यासारखं वाटतं, आत यकृत नासत असतं. माणसाचंही तसंच."

पुढे म्हाताऱ्याच्या व्हिसेराच्या, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या, अहवालात कीटकनाशक निघालं नाही. सून निर्दोष ठरली. ती भावासोबत शेवटच्या सहीसाठी ठाण्यात आली, तेव्हा नवरा तिला न्यायला आला. ती शांतपणे म्हणाली, "कुत्रं मेलं म्हणून मी खरी झाले. ते जगलं असतं तर?"

ती भावासोबत माहेरी बोरीला गेली, ती परत नांदायला आली नाही.

कागदोपत्री तपास चोख होता. पण घरच्या बाईचा शब्द खरा मानायला एक मुकं जनावर मरावं लागलं. ही शरम एकट्या त्या नवऱ्याची नाही.