मामीच्या फरशीवरचा डाग

रिसोडच्या स्टँडसमोर ट्रॅव्हल्स उभी होती आणि माझी माय अजून पिशवीत काहीतरी कोंबत होती. चाळलेली राख, कुटलेले रिठे, चिंचेचा गोळा, आणि शिंदीच्या पानांचा नवा कोरा फडा, म्हणजे केरसुणी. फडा पिशवीतून अर्धा बाहेर डोकावत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण पुण्याला निघालेल्या बाकीच्या पोरींच्या हातात चाकाच्या बॅगा होत्या. बाप ड्रायव्हरला तिसऱ्यांदा बजावत होता की पोरीला स्वारगेटलाच उतरवा, वाघोलीला नाही. मायनं खिडकीतून हात आत घालून माझा हात धरला आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी खायाचं तं हात हालवून खायाचं, मंदे. बसून खाल्लं का मानूस डोयात येते."

नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. होस्टेल मिळालं नाही, म्हणून मामाकडे राहायचं ठरलं होतं. मामा म्हणजे मायचा एकुलता एक भाऊ. फोनवर तो म्हणाला होता, "पाठव बाई, घरचीच पोट्टी हाय."

हे मी दोन तऱ्हेच्या बायांसाठी लिहितेय. गावाकडच्या ज्या बायांनी मला इतकी वर्षं 'चिंचवाली' म्हणून हाक मारली त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्याच पिशव्या घेऊन ज्या इकडे आल्या त्यांच्यासाठी. आधीच सांगून ठेवते, हे काही चांगुलपणाचं लिखाण नाही. मी सूड घेतला आणि मला त्याचा कणभर पस्तावा नाही. लिहिताना मी पुण्याची भाषा लिहिते, पण राग आला की अजून वऱ्हाडीच तोंडात येते, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या घरी साबण पाहुण्यांसाठी असायचा. माय भांडी राखेनं घासायची, धोतरं-लुगडी रिठ्यानं धुवायची, पितळेला चिंच, अंगणाला तुराट्यांचा खराटा. दर शनिवारी शेणानं सारवण आणि कडेनं पांढऱ्या मातीचा पट्टा. फेकायला म्हणून आमच्या घरातून काही निघायचंच नाही. भाजीची सालं म्हशीला, उरलेली राख वांग्याच्या वाफ्यात, फाटक्या लुगड्याचं पोतेरं. हे सगळं मला गरिबीचं वाटायचं. मायला ते स्वच्छतेचं वाटायचं, आणि तिच्या घरात पाय ठेवला की ते खरंही वाटायचं.

मामी मूळची केनवडची. आमच्या गावाहून केनवड किती लांब, तर सकाळी बाजाराला गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला परत. पण पुण्यात ती सगळ्यांना सांगायची, आम्ही अकोल्याचे. मी दारात चप्पल काढली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "इथे मले-तुले बोलायचं नाही हं." मग तिनं फडा दोन बोटांनी उचलून बाल्कनीत टाकला आणि मायनं वस्त्रगाळ केलेली राख माझ्यासमोर कमोडमध्ये ओतली. नवा फ्लॅट होता. हॉलभर पांढराशुभ्र संगमरवर. मी त्यावर चालताना टाचा उचलून चालायचे.

तिसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. मायचं वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे पहाटे उठून मी समई, ताम्हन, घंटी, सगळं पितळ चिंचेनं घासलं. असं लखलखलं की मामीसुद्धा "अरे वा" म्हणाली. ते 'अरे वा' माझ्या डोक्यात भिनलं. समईखाली फरशीवर तेलाचा ओघळ होता. हातात चिंच होतीच. पितळ उजळतं तर दगड का नाही उजळणार, असं म्हणून मी ती फरशीवर खसाखसा चोळली आणि मायसारखी थोडा वेळ तशीच राहू दिली. पुसलं तेव्हा तेल गेलं होतं, आणि दगडाची चमकही गेली होती. ताटलीएवढा भाग निस्तेज, मेणचट. तरी मी लपवलं नाही. स्वतः जाऊन मामीला सांगितलं. पाहुणे यायची वेळ झाली होती, तिनं त्यावर चौरंग ओढला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात फॉर्म भरायला गेले. दुपारी परत आले तर हॉलच्या सगळ्या खिडक्या उघड्या, नाकाला झोंबणारा वास, आणि डाग परातीएवढा झालेला. पांढराफट्ट, हात फिरवला तर खरखरीत, आणि कडेनं भिंतीपर्यंत ओघळ गेलेले. मामी कपाळाला हात लावून सोफ्यावर बसली होती. "काय करून ठेवलंस हे? शेणातले हात संगमरवराला लावलेस." मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, चिंच रात्रभर दगड खात राहिली. अठरा वर्षांची होते, सारवलेल्या जमिनीवर वाढलेली. जमिनीला काही झालं तर शनिवारी पुन्हा सारवायचं, एवढंच मला ठाऊक. मी मामीचे पाय धरले, शपथेवर सांगते, पाय धरले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मामानं मला ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. रिक्षात अख्ख्या रस्त्यात तो बाहेरच बघत बसला. कॉलेजची जागा गेली ती गेलीच.

मी गावात पोचायच्या आधी मामीचे फोन पोचले होते. नातलगांत एक घर राहिलं नाही. पुढं तिनं त्या डागाचं प्रदर्शनच मांडलं, आला-गेला पाहुणा की गालिचा वर करून दाखवायचा, "हे आमच्या भाचीचे प्रताप." तिकडून आलेला माणूस इकडे सांगायचा, आणि विहिरीवर बाया मला विचारायच्या, काहून वं चिंचवाले, पितळ घासाले येतं का? हसून घेतलं मी. पण मायनं ते मनाला लावून घेतलं. ती भावाकडे जायची बंद झाली. भाऊबीज गेली, राखी गेली. म्हणायची, "त्याच्या घराची नासाडी केली आपन. कोन्त्या तोंडानं जाऊ?" पुढं माझं लग्न अनसिंगच्या मुलाशी झालं, तो चाकणला कंपनीत, म्हणून मी पुन्हा पुण्यात आले. लेक झाली, तिचे चार वाढदिवस झाले, भाड्याचं सोडून स्वतःचं घर घेतलं. मायनं माझा उंबरा पाहिला नाही. पुणे म्हटलं की मान हलवायची. "भाऊ भेटन रस्त्यात," म्हणायची. एवढ्या मोठ्या पुण्यात.

सूड मला कशासाठी पाहिजे होता ते आता कळलं असेल. माझं नर्सिंग गेलं त्याचं दुःख आहेच. पण माझी माय माझ्या घरी येत नव्हती, ती त्या डागामुळे.

पुण्यात मी एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये हाऊसकीपिंगला लागले. निळं पाणी, गुलाबी पाणी, फिनेल, आणि संडासासाठी ॲसिड. हातमोजे फाटके. आठवड्यात बोटांची सालं निघाली. तिथं दगड पॉलिश करणारा एक राजस्थानी मिस्त्री मशीन घेऊन यायचा. एकदा कुणीतरी लॉबीच्या संगमरवरावर ॲसिड सांडलं आणि तो ते घासायला बसला. मी बादली घेऊन गेले आणि तिथंच उभी राहिले. तोच पांढराफट्ट रंग. तीच खरखर. भिंतीकडे गेलेले तेच ओघळ आणि नाकाला झोंबणारा तोच वास. मी विचारलं, "चाचा, इमली से ऐसा होता है?" तो हसला. म्हणाला, इमलीनं चमक जाते बेटी, पावडर घासली की परत येते. खड्डे पडले म्हणजे तेजाब, ॲसिड. मी तीनदा विचारलं, तो तीनदा हसला.

म्हणजे माझा डाग ताटलीएवढा होता. तो काढायला मामीनं बाथरूममधली बाटली ओतली आणि परातीएवढा केला. आणि तिनं माझ्याकडून पाय धरून घेतले. त्या दिवशी मी बायकांच्या संडासात जाऊन रडले आणि बाहेर आले ती ठरवूनच.

मिस्त्रीकडून मी दगड शिकले. मग नोकरी सोडली आणि मायच्या पद्धतीनं लोकांची घरं साफ करायचं, बायकांना ते शिकवायचं काम सुरू केलं. रिठे गावाकडून मागवते. रसवाल्याकडून संत्र्याच्या साली आणते, गूळ-पाणी घालून ड्रममध्ये तीन महिने आंबवते. सुरुवातीला रोज झाकण सैल करावं लागतं, एकदा विसरले तर छतापर्यंत उडालं होतं सगळं. ओट्याला ते, काचेला व्हिनेगर, पितळेला चिंच, आणि संगमरवराला यातलं काहीच नाही, फक्त पातळ रिठ्याचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं. बाणेर-बावधनच्या बायका याला इको-फ्रेंडली म्हणतात. मामीनं जे कमोडमध्ये ओतलं, ते इथं काचेच्या बरणीत लेबल लावून शेल्फवर ठेवतात. हसू येतं कधीकधी, कधी डोकं फिरतं.

मामीच्या सोसायटीत माझी एक गिऱ्हाईक होती. तिथल्या बायकांची भिशी दर महिन्याला एकीच्या घरी असते. मी तिला म्हटलं, ताई, तुमच्या ग्रुपला माझा डेमो फुकट. आणि सहज विचारावं तसं विचारलं की तीनशे दोनवाल्या काकूंकडे, म्हणजे मामीकडे, भिशी कधी आहे. महिनाभर थांबले. इतकी वर्षं थांबले होते, महिना काय.

मामीनं दार उघडलं. केस रंगवलेले, थोडी जाड झालेली. ओळखलं तिनं, पण आतमध्ये पंधरा बायका बसलेल्या. लगेच गोड झाली. "अय्या, ही तर आमची भाची," असं म्हणून मला आत नेलं, आणि विचार करा, तिनं स्वतःच गालिचा वर केला. "हिनंच हो लहानपणी माझी फरशी चिंचेनं जाळली होती. आता बघा, क्लीनिंग शिकवते." बायका हसल्या. मीही हसले. गालिचा मला उचलावा लागणार होता, तेवढं काम तिनंच केलं.

मी पिशवीतून संगमरवराचा तुकडा काढला. प्रत्येक डेमोत काढते. एका बाजूला चिंच लावली, दुसऱ्या बाजूला संडास धुवायच्या ॲसिडचे चार थेंब. ॲसिड फसफसलं. चिंच गुपचूप बसून राहिली. चहा झाल्यावर मी दोन्ही पुसलं आणि तुकडा हातोहात फिरवायला दिला. चिंचेकडची बाजू नुसती निस्तेज झाली होती, पॉलिशची पावडर घासून ती मी सगळ्यांसमोर परत चमकवली. दुसरीकडे खरखरीत पांढरा खड्डा. एका वयस्कर बाईनं तो तुकडा हातात धरला, खाली फरशीकडे पाहिलं, वाकून बोट फिरवलं. म्हणाली, "अहो, पण हा डाग तर या ॲसिडसारखाच लागतोय हाताला."

"ॲसिडचाच आहे," मी म्हटलं. "मामी, मी फॉर्म भराले गेली तवा कोनं ओतलं?"

मामीचा चेहरा असा झाला की मी तो जन्मभर सांभाळून ठेवणार आहे. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांची पुण्याची भाषा तिच्या तोंडातून गळून पडली. "मले वाटलं का निघून जाईन," ती म्हणाली. "मले काय मालूम होतं का वाढन म्हनून."

मग एकीनं हळूच विचारलं, "तुम्ही अकोल्याच्या ना?" मी म्हटलं, केनवडच्या आहेत त्या. आणि सामान भरायला घेतलं. मामी स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्यामागं आली, हा डाग निघतो का म्हणून विचारायला. निघतो, मी म्हटलं, मशीन लावली तर एका दिवसात. माझ्याकडे मशीन आहे. पण मी लावणार नाही, आणि राहू द्या तो, पाहुण्यांना दाखवायला लागतो तुम्हाला.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण लिफ्टपर्यंत मामा आला. आतल्या खोलीत बसून त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "मले माहीत होतं वं मंदे. माह्यासमोरच ओतलं तिनं."

"मंग काहून नाई बोलला?"

"मले त्या घरात राहाचं होतं," तो म्हणाला. लिफ्ट आली आणि मी आत शिरले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, मामीचं सांग मायला, मामाचं सांगू नको, एकच भाऊ आहे तिला. दोन दिवस मी विचार केला. मामीचा हिशोब झाला होता, पण मायनं ज्याच्यासाठी मान खाली घातली तो माणूस सगळं पाहून गप्प बसला होता. मी दोन्ही सांगितलं. माय एवढंच म्हणाली, "तिनं ओतलं, अन् त्यानं पाह्यलं." आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी ती आली. एकटी, न सांगता, वाघोलीला उतरून तिथून फोन केला. अनसिंगला माझ्या सासरी ती यायची तेव्हा खुर्चीच्या काठावर बसायची, लेकीच्या घरचं म्हणून जेमतेम चहा घ्यायची आणि निघायची. इथं तिनं पहिल्या दिवशी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी ड्रमचं झाकण काढून वास घेतला आणि विचारलं, "हे सडलं का असंच राह्यते?" तिसऱ्या दिवशी माझ्या हातातलं फडकं घेऊन म्हणाली, सरक, तुले कोपरे जमत नाई.

चौथ्या दिवशी मामाचा फोन आला. कुठून कळलं होतं कोण जाणे. मी फोन मायच्या हातात दिला. स्पीकरवर त्याचा आवाज ऐकू येत होता. "बाई, तू पुण्यात आली म्हने. रिक्षा पाठवतो, घरी ये."

"मी माह्या घरी आहो," माय म्हणाली. "तू इथं येऊ नको. तेवढं सांगाले घेतला फोन."

तिनं फोन मला परत दिला आणि विचारलं, रात्रीला भाजी कोणती करू. तिचा एकुलता भाऊ होता तो, मला वाटलं होतं की त्या क्षणी मला वाईट वाटेल. नाही वाटलं. वांग्याची कर, मी म्हटलं.