सुमनची पेटी, एक दिवसाआड

पहाटेच्या गाडीने कणकवलीला उतरले तेव्हा मी अर्धवट झोपेत होते, आणि खरं सांगायचं तर पुढचे तीन दिवस त्या झोपेतून पुरती बाहेर आलेच नाही. एसटी मालवणकडे निघाली. धुक्यातून एखादं कौलारू घर वर यायचं आणि विरून जायचं. मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता.

काम सरळ होतं. एका संस्थेने किनाऱ्यावरच्या खालच्या वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायकांना बर्फाच्या पेट्या दिल्या होत्या. वरच्या वाडीला मुद्दाम दिल्या नव्हत्या, तुलना करता यावी म्हणून. वर्षभराने मी दोन्हीकडे जाऊन विचारायचं, मासळी किती वाया जाते? खालची वाडी पुढे गेली असेल तर वरच्या वाडीलाही पेट्या मिळणार. नसेल तर योजना गुंडाळणार.

दोन दिवस मी माडांच्या सावलीतून घरोघर हिंडले. समुद्राचा आवाज इतका संथ की प्रश्न विचारता विचारता मीच पेंगायची. दोन्ही वाड्यांतून उत्तर एकच आलं, ‘आता कमी कुसता’ (सडते). तक्त्यात फरक काही दिसेना. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. मी चिडले, मग वाईट वाटलं, कारण वरच्या वाडीतली शेवंतीकाकी मला रोज विचारायची, “आमका पेटी गावतली (मिळेल) मा गो?”

तिसऱ्या दिवशी तिने जेवायला बसवलं. उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट कालवण). वाऱ्यामुळे आदल्या दिवसापासून होड्या गेल्याच नव्हत्या. मग एवढा ताजा बांगडा कुठला? मी विचारलं, तशी काकीने मागच्या पडवीत नेऊन गोणपाट उचललं. खाली निळी पेटी, वर लाल रंगात सात आकडा. हा आकडा मी खालच्या वाडीतल्या सुमनच्या नावापुढे लिहिलेला होता.

“काकी, पेटी नाही म्हणालात ना?”

“माझी खंय आसा? सुमनची ती. एक दिस ती म्हावरा इकता, एक दिस मी. तिचा बर्फात आणि माझा उन्हात कुसतला, ता तिका बरा दिसता काय?”

दोन्ही वाड्यांत घरोघर हेच चाललं होतं. पुण्यात बसून मी कागदावर दोन वाड्या नीट वेगळ्या केल्या होत्या, आणि या बायकांनी डोक्यावरून पेट्या नेऊन त्या एक करून टाकल्या होत्या. मग मी काकीला तुलनेचा नियम पहिल्यांदाच नीट समजावला. तिचा हात गोणपाटावर थांबला.

“म्हणजे आमी वाटून खाल्ला म्हणान आमका गावाची नाय?”

मी तक्ता घडी करून पिशवीत सारला.

परतताना कुडाळला जायला रिक्षा केली. वाटेत धामापूरच्या तळ्यापाशी थांबलो. दुपारचं हिरवं पाणी स्वप्नातल्यासारखं निश्चल होतं. रिक्षावाले दादा सांगत होते की, पूर्वी लग्नासाठी या तळ्याकडे दागिने मागायचे, ते मिळायचे आणि कार्य झालं की परत करायचे. कोणीतरी परत केले नाहीत आणि तेव्हापासून तळं देईनासं झालं. मी पायरीवर बसून तक्ता काढला. ‘फरक नाही’ खोडलं आणि सुमन-शेवंतीची हकीकत समास सोडून पानभर लिहिली. संस्थेत त्यावर बरीच वादावादी झाली, पण मी काही मागे हटले नाही.

काही महिन्यांनी काकीचा फोन आला. पेटी मिळाली होती. मी आनंदाने म्हटलं, आता रोज तुमचीच.

“खंय गो! खाडीपलीकडच्या बायांका नाय गावली मा. एक दिस थंय जाता,” ती म्हणाली. “तू परत इलंस तरी तुका फरक गावाचो नाय.”