प्रभावतीबाईंनी बंद पाडलेला सिनेमा

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत जुना सिनेमा लावायचा झाला, की कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर जाऊन प्रभावती साळवेंच्या दाराची बेल वाजवतं. बाई दार अर्धंच उघडतात, सिनेमाचं नाव ऐकतात आणि एका शब्दात निकाल देतात. "बघा." किंवा, बहुतेक वेळा, "सोडा." वाद घालणाऱ्याला आत बसवून चहा देतात, पण निकाल बदलत नाहीत.

त्यांचा अधिकार साधा नाही. पिंपरीतल्या एका टॉकीजमध्ये त्या तेवीस वर्षं बायकांच्या बाजूच्या डोअरकीपर होत्या. मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा भोसरीला फाउंड्रीत होता, छातीत धूळ साचून तो लवकर गेला, आणि टॉकीजच्या मॅनेजरनं पदरात दोन पोरं असलेल्या या बाईंना कामावर घेतलं. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, आणि बायकांच्या रांगेत घुसणाऱ्यांना बाहेर काढायचं. सिनेमा त्यांनी कधी सलग पाहिला नाही. त्या पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि लोकांकडे बघायच्या.

"पडदा सगळेच बघतेत," त्या म्हणतात. "लोक कुठं हसतेत, कुठं टाळ्या पिटतेत, ते बघायचं. सिनेमाची सगळी घाण तिथं कळते."

त्या टॉकीजमध्ये तीसेक वर्षांपूर्वी एक मराठी सिनेमा सत्तावीस आठवडे चालला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही शोधून बघाल, आणि माझा सगळा खटाटोप वाया जाईल. गॅरेजात काम करणारा नायक, कॉलेजात जाणारी नायिका. पहिल्या अर्ध्या तासात तो तिच्या सायकलची हवा सोडतो, भर बाजारात तिची ओढणी ओढतो, गाणं म्हणत वाट अडवतो. ती "नको" म्हणते, तर हा म्हणतो, "तू नको म्हण गं राणी, मला गोडच ऐकू येतं." या वाक्याला पडद्यावर नाण्यांचा पाऊस पडायचा. मध्यंतरानंतर तो तिच्या दारात बसून मनगट कापून घेतो, ती रडत धावत येते, आणि लग्न. मधून मधून हसवायला एक मोलकरीण होती. नटीला तोंडभर काळा रंग फासलेला, नाव डांबरी. ती पडली की हशा, ती खायला बसली की हशा, ती नटली की सगळ्यात मोठा हशा.

मी तेव्हा आयटीआयला होतो, अठरा वर्षांचा. तो सिनेमा मी नऊ वेळा पाहिला. नाणीही फेकली. आज हे लिहिताना तोंडाला कडू चव येते, पण फेकली हे खरं आहे.

प्रभावतीबाई रंगानं सावळ्या. दुसऱ्या आठवड्यापासूनच पोरं त्यांना डांबरी म्हणायला लागली. तिकीट पुढे करत म्हणायची, "डांबरे, खुर्ची दाखव की." बाईंनी मॅनेजरला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "पिक्चर चाललाय, चालू द्या." सत्तावीस आठवडे, दिवसाला चार खेळ. बाई बॅटरी घेऊन उभ्या राहत, आणि घरी गेल्यावर पोरांनी आईला का रडतेस असं विचारलं की डोळ्यात कचरा गेला म्हणत.

त्याच दिवसांत नीला त्यांच्या ओळखीची झाली. नीला एकोणीस वर्षांची, एमआयडीसीत स्विचेस पॅक करायच्या युनिटमध्ये कामाला. पहिली शिफ्ट तीनला सुटली की मैत्रिणींबरोबर कधीतरी साडेतीनच्या खेळाला यायची. एक पोरगा तिच्या मागे लागला. मोपेडवरून कंपनीपासून टॉकीजपर्यंत यायचा, आणि खेळ सुटला की दारात उभा राहून तेच वाक्य म्हणायचा. तू नको म्हण गं राणी. बाकीची पोरं शिट्ट्या मारायची.

नीला घाबरून प्रभावतीबाईंकडे आली. "ताई, मला मागच्या दारानं सोडता का?"

बाईंनी सोडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा नीला आली तेव्हा पुढच्या खेळाची गर्दी दारात लोटली होती, किल्ली मॅनेजरकडे होती, आणि बाई वैतागलेल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अगं, इतकं मागं लागलाय म्हंजी जीव लावतोय तुला. हो म्हण की. सिनेमातल्यासारखं नशीब समद्यास्नी मिळत न्हाई."

नीला वळली. पुढच्या दारानं गेली. त्यानंतर ती टॉकीजला आली नाही.

पंधरा दिवसांनी बाईंना बातमी कळली. त्या पोरानं नीलाच्या कंपनीच्या गेटसमोर ब्लेडनं मनगट कापून घेतलं होतं. शिफ्ट सुटायची वेळ, शेकडो लोक जमलेले. पोरावर कुणी रागावलं नाही. सगळे नीलालाच म्हणाले, काय दगडाच्या काळजाची पोरगी आहे. अब्रू जाईल म्हणून बापानं महिन्याभरात तिचं त्याच्याशीच लग्न लावून दिलं. प्रभावतीबाईंच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, किती छान, अगदी सिनेमासारखं झालं. बाईंनाही तेव्हा छानच वाटलं होतं. हे त्या स्वतः सांगतात, मान खाली न घालता.

बारा वर्षांनी बाई चाकणला नात्यातल्या बारशाला गेल्या होत्या. परत येताना कांद्याची गोणी घ्यावी म्हणून मार्केटात शिरल्या. तिथं ओळीनं बसून कांदा निवडणाऱ्या बायकांतून एकीनं हाक मारली. "ताई." बाईंनी ओळखलं नाही. पुढचे दोन दात नव्हते, डाव्या भुवईवर शिवलेला व्रण होता. ती नीला होती.

दोघी गोण्यांच्या आडोशाला बसल्या. नीला रडली नाही. म्हणाली, "पहिल्याच वर्षी कळलं, ताई. दारू नको म्हटलं, मारू नको म्हटलं, रात्री जवळ येऊ नको म्हटलं. त्याला नको कधी ऐकूच आलं नाही." मग तिनं हातातला कांदा खाली ठेवला आणि विचारलं, "त्या दिवशी मागचं दार का नाही उघडलंत?"

बाई सांगतात, मार्केटातल्या सडक्या कांद्याचा वास नाकात होताच, पण तो वास आपल्याच तोंडाचा आहे असं वाटत राहिलं. मी, या तोंडानं बोलले. हो म्हण की.

त्यांनी गोणी घेतली नाही. त्या दिवशी नीलाला आणि तिच्या मुलीला घेऊन त्या चिंचवडला आल्या. एका खोलीत बाई, त्यांचा धाकटा मुलगा आणि या मायलेकी असे चौघं आठ महिने राहिले. नवरा दोनदा दारात येऊन बरळला, दुसऱ्या वेळी बाईंनी चौकीत नेऊन बसवला. नीलाला पुढे चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम लागलं, आज ती तिथली मुकादम आहे. मुलगी नर्स झाली. पण बाईंनी स्वतःला माफ केलं नाही. टॉकीज बंद पडून तिथं गाड्यांचं शोरूम झालं तेव्हा आम्ही जुने प्रेक्षक हळहळलो. बाई म्हणाल्या, "बरं झालं. गटार बुजलं."

यंदा मार्चमध्ये महिला दिन आला. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब, एका कंपनीच्या परचेस खात्यातून निवृत्त झालेले, हौशी गृहस्थ. त्यांनी ठरवलं की हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बायकांना एक जुना, गाजलेला, घरच्यांबरोबर बघता येईल असा सिनेमा दाखवायचा. बाईंना त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय मिळेल ते त्यांना ठाऊक होतं. लिफ्टमध्ये कागद चिकटवला. तोच सिनेमा.

चार वाजता हॉल भरला. मी खुर्च्या लावायला गेलो होतो, माझी मुलगी नेहाही आली होती. प्रभावतीबाई सगळ्यात मागे, दाराशी उभ्या होत्या. सिनेमा सुरू झाला. ओढणी ओढली तेव्हा काही बायका हसल्या, जुन्या आठवणीनं. नेहा माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हे कॉमेडी आहे?" मी पडद्याकडे बघत राहिलो. मग डांबरी आली आणि पुढच्या रांगेत अण्णासाहेबांबरोबर बसलेल्या पुरुषांचा हशा उठला. पाठोपाठ ते वाक्य आलं. अण्णासाहेबांनी नायकाच्या आधीच ते मोठ्यानं म्हटलं.

बाई चालत पुढे गेल्या आणि प्रोजेक्टरसमोर उभ्या राहिल्या. नायकाचं तोंड त्यांच्या पांढऱ्या साडीवर पडलं, हसणारं, दात दिसणारं.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, बाजूला व्हा. लोकांना बघायचंय," अण्णासाहेब म्हणाले. "सत्तावीस आठवडे चाललेला सिनेमा आहे."

"ठाऊक हाय. सत्तावीसही आठवडे दारात मी हुते. आधी बंद करा, मग सांगते."

कुणीतरी वायर काढली. मीच काढली. बाईंनी नीलाची गोष्ट सांगितली, आता मी सांगितली तशीच, आणि आपण काय बोललो तेही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरीस्नी हे दाखवून महिला दिन करता? मला तर ओकारी येते."

अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. "एखाद्या मवाल्यानं काही केलं त्यात सिनेमाचा काय दोष? आम्हीही पाहिला, आम्ही कुणाला मारलं?" आणि मग, जरा हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शेवटी थेटरातली बाई."

अर्ध्याहून जास्त बायका उठून गेल्या. अण्णासाहेबांच्या पत्नीही उठल्या. ज्या राहिल्या त्यांच्यासाठी अण्णासाहेबांनी वायर पुन्हा लावून सिनेमा शेवटपर्यंत चालवला. जिना चढत असताना मला वरपर्यंत लग्नाचं गाणं ऐकू येत होतं. नेहा पुढे चालली होती. तिसऱ्या मजल्यावर थांबून तिनं विचारलं, "तुम्ही हा किती वेळा पाहिला होता?" मी खरं सांगितलं. ती पुढचा जिना चढून गेली. दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी त्याच सिनेमातली डांबरीची क्लिप आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. हसणारे चेहरे टपाटप पडत गेले. मी लिहिलं, काढून टाक. उत्तर आलं, "समाधानभाऊ, जोक आहे, जोकसारखा घ्या." मी ग्रुप सोडला. ते लोक रोज माझ्याशेजारीच बसतात, त्यामुळे फार काही बदललं नाही.

प्रभावतीबाईंना सोसायटीच्या मंडळानं पुढच्या कार्यक्रमाला बोलावलं नाही. पण त्या शनिवारी दुपारी पाचजणी त्यांच्या घरी गेल्या, नेहाही. बाईंनी एक जुना सिनेमा लावला. गावातल्या शाळेत बदलून आलेली विधवा मास्तरीण, इतकीच गोष्ट. त्यांच्या टॉकीजमधून तो चौथ्या दिवशी उतरवला होता, कारण बाल्कनीत फक्त कबुतरं होती. पाचांतल्या दोघींना झोप लागली. एकीनं मधेच भाजी निवडायला घेतली. नेहानं तो शेवटपर्यंत पाहिला आणि संपल्यावर विचारलं, "मावशी, असे अजून किती आहेत?"

"थोडेच," बाई म्हणाल्या. "आन् त्ये शोधायला लई घाण उपसावी लागती. बस, च्या ठेवते."