खालच्या माणसाचा अभिप्राय

माझ्या सासऱ्यांनी कॉम्प्युटरवर आजवर एकच खेळ खेळला आणि त्याला पाचपैकी एक तारा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "सोफा जिन्याने आलाच नाही."

खेळ तसा साधा आहे. पडकी, कळकट घरं मिळतात. ती झाडायची, भिंती पाडायच्या, रंगवायच्या आणि नवं फर्निचर मांडायचं. माझ्या नवऱ्याने आपला जुना लॅपटॉप बाबांकडे टाकला, त्यात तो खेळ होता. लोक तो डोकं शांत करायला खेळतात. आमच्या बाबांचं डोकं त्यानेच फिरलं.

बाबांचा सगळा जन्म लोकांचं सामान हलवण्यात गेला. जिन्यावरून कपाट चढवायला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. बाबा कायम खाली. खालच्याच्या अंगावर सगळं वजन येतं आणि डोळ्यांसमोर नुसती फळी असते. वाट दिसते ती वरच्याला. तो 'थांब' म्हणाला की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. शिवाय वस्तू अख्खी चढवायची आणि अख्खी उतरवायची हा बाबांचा हट्ट. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढणाऱ्याला ते सरळ भित्रा म्हणत.

अशा माणसासमोर एक बटण दाबलं की पाचव्या मजल्यावर सोफा हजर! बाबांनी खेळाच्या पानावर 'खालचा माणूस' या नावाने अभिप्राय ठोकून दिला: "मी दाराशी बराच वेळ उभा राहिलो. सोफा घेऊन कोणीच आलं नाही. तो खोलीत आपोआप उगवला. सोफा दारापेक्षा रुंद आहे. कंपनीने खुलासा करावा."

कंपनीने काही खुलासा केला नाही, पण बाकीच्या खेळाडूंनी बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. एकाने लिहिलं, "काका, हा खेळ आहे." बाबांनी विचारलं, "मग बुद्धिबळात हत्ती प्याद्यातून आरपार जातो का?" दुसऱ्या एकाला म्हणे रंगाच्या रोलरचा आवाज ऐकून छान झोप लागते. त्याला बाबांनी कळवलं की रंगाऱ्यालाही लागते, म्हणूनच कामं लांबतात. एका बाईंनी मोकळेपणाने लिहिलं होतं, "रोज चार परकी घरं लख्ख करते. माझ्या स्वतःच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग तसाच आहे. तरी पाच तारे." त्याखाली बाबांचे दोनच शब्द: "आधी ढीग."

खेळत मात्र होते प्रामाणिकपणे. आधी जिना मोजायचा, मग दार, आणि जे वर चढणार नाही ते घ्यायचंच नाही. त्यामुळे त्यांनी सजवलेल्या घरांत चटया आणि घडीच्या खुर्च्या सोडून काही नसे. खेळातल्या एका गिऱ्हाइकाला सगळ्यात वरच्या मजल्यावर पियानो हवा होता. बाबांनी त्याला चार घडीच्या खुर्च्या दिल्या. गिऱ्हाईक खूश झालं, तेव्हा तर बाबांचा पारा आणखी चढला. "तोंडदेखलं बोलतंय मेलं," म्हणाले.

हे सगळं गमतीचं होतं, तोवर माझ्या नवऱ्याने मनावर घेतलं की आई-बाबांनी आता आमच्याकडेच राहायला यायचं. बाबांचे गुडघे कामातून गेलेले. आपल्या घराचे तीन जिने चढताना ते प्रत्येक वळणावर बसतात आणि बूट झटकल्याचं नाटक करतात. आमच्याकडे लिफ्ट आहे. त्या लिफ्टवर त्यांचा भारी जीव. आले की उगाच दोनदा वर-खाली करून मगच बेल वाजवतात. तेव्हा बाबा एका पायावर तयार होते.

सासूबाईही म्हणाल्या, "येईन की. माझं कपाट तेवढं आलं पाहिजे."

तिथेच घोडं अडलं. हे कपाट त्यांच्या वडिलांनी करवून दिलेलं, आमच्या बाथरूमएवढं. बाबांनी तरुणपणी ते दोर लावून गॅलरीतून आत घेतलं होतं, अर्थात अख्खं. पुढे गॅलरीसमोर हातभर अंतरावर दुसरी इमारत उभी राहिली. तिच्यातली शिंपीण आणि आमच्या आई दिवसभर आपापल्या गॅलरीतून बोलतात. सुई-दोरा, वाटीभर साखर आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या हातोहात इकडून तिकडे जातात. पण कपाट काही त्या फटीतून जाणार नव्हतं आणि जिन्याच्या वळणावर तर ते वळतच नव्हतं.

नवऱ्याने दोन तगडे हमाल आणले. त्यांनी करवतीचं नाव काढलं. आईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पाणीही न पिता गेले. नवरा म्हणाला, "आई, नवं घेऊ ना." "घे ना. तुझ्याकडे ठेव," आई म्हणाल्या.

मग बाबांनी इरेला पेटून ती खोली, ते कपाट, तो जिना सगळं खेळात जसंच्या तसं उभं केलं. कपाट ढकललं. ते भिंतीतून आरपार जाऊन रस्त्यावर उभं राहिलं. बाबांनी लॅपटॉप दाणकन मिटला. दुसऱ्या दिवशी मात्र नाक मुठीत धरून त्यांनी त्याच एका ताऱ्याच्या अभिप्रायाखाली लिहिलं, "खरं कपाट अडकलं आहे. कोणाला काही सुचतं का?"

ज्यांना ते एवढं टोचून बोलले होते, ती सगळी माणसं धावून आली. कोणी म्हणालं भिंत पाडा, कोणी म्हणालं घरच विका. ढीगवाल्या बाईंनी आधी कपाट रिकामं करायला सांगितलं. आणि 'सुतारकन्या' नावाच्या एकीने लिहिलं, "काका, एवढं मोठं कपाट कोणी एकसंध करत नाही. मधे नक्षीची पट्टी आहे ना? तिच्या मागे लाकडी खुंटी असेल. ती ओढली की वरचा भाग सुटा होतो."

"माझ्या दोरांवरून चढलंय ते, आणि ही मला शिकवतेय!" बाबा कुरकुरले. पण गेले. मी रविवारची तिथेच होते, मला बॅटरी धरायला लावली. कपाटामागे हात घातला तर कोळिष्टकं आणि बोट बुडेल एवढी धूळ. खुंटी तेवढी स्वच्छ होती. बोट लागताच ती सुळकन बाहेर आली. तिला मेण लावलेलं होतं, अगदी ताजं.

मेण बाबांनी लावलेलं नव्हतं आणि मी तर नाहीच नाही.

वळून पाहिलं तर सासूबाई दारात. एरवी शिंपिणीशी बोलताना सगळी गल्ली ऐकते असा त्यांचा आवाज. तो आता अगदी खाली गेलेला. "मिळालं का काही?"

मुलाला तोंडावर नाही म्हणणं या बाईला उभ्या जन्मात जमलेलं नाही. खुंटीचं ठाऊक असूनही ती गप्प होती; एवढे दिवस ते 'नाही' तिच्या वतीने कपाट म्हणत होतं. मला कळलं, आणि बाबांनाही कळलं. मग त्यांनी हात परत कपाटामागे घातला आणि अंगठ्याने खुंटी होती तिथे घट्ट दाबून बसवली.

"काय मिळायचंय? अख्खंच आहे," बाबा म्हणाले. "माझ्याकडून नाही निघत हे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कोणापुढे उच्चारलं नव्हतं. मला भरून आलं आणि हसूही आलं, म्हणून मी बॅटरी विझवली. आई म्हणाल्या, "बरं, चहा ठेवते." आधण येईपर्यंत त्यांचा आवाज गॅलरीत पूर्ववत झाला होता.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बाबा म्हणाले, "हात टेकले रे मी." त्याचा विश्वास बसेना. मला विचारलं, "तू होतीस ना तिथे?" मी म्हटलं, "धूळ फार होती. काही दिसलं नाही."

बाबा अजून वळणावळणावर बूट झटकत तीन जिने चढतात. खेळाला आता तीन तारे आहेत. नवा अभिप्राय असा: "यात कुठलीही वस्तू कुठूनही निघते, हा दोष कायम आहे. खेळणारी माणसं बरी आहेत."

त्याखाली सुतारकन्येने विचारलंय, "काका, खुंटी सापडली का?"

बाबांनी एका बोटाने टाइप केलेलं उत्तर मी वाचलं: "सापडली. पण वरचा माणूस थांब म्हणाला."